मायचं मशीन, बाबांचा फवारा

कारंज्याची एसटी फाट्यावर थांबली तेव्हा बाबांनी आधी सामान चढवलं आणि मग मला. सामान म्हणजे ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, मायने जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेल्या मुगाच्या वड्या आणि लग्नात मिळालेली पत्र्याची पेटी. माझा नवरा गजानन सीट धरायला आधीच आत शिरला होता. त्याला पुण्याकडे, चाकणच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. आमचं सामान बघून कंडक्टर म्हणाला, "सारं गावच घेऊन चालले काय?" बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर तो माणूस कारंजा येईपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलला नाही.

आमचं गाव मानोऱ्याच्या अलीकडे. दिवाळी झाली की आमच्या आजूबाजूच्या तांड्यांतून आणि वस्त्यांतून ऊसतोडीचे ट्रक निघतात. त्यांना निरोप द्यायला फाट्यावर कोणी येत नाही, कारण ती माणसं उन्हाळा सरता सरता परत येणार हे ठरलेलं असतं. आम्हाला सोडायला मात्र अर्धी गल्ली आली होती. आम्ही परत येणाऱ्यांपैकी नाही हे सगळ्यांना कळलं होतं, आणि ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. माय खिडकीच्या गजाला धरून उभी होती. "पोचली की फोन करजो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाबांनी मात्र जे सांगायचं ते एकदाच सांगितलं. "जाय. पन तिथी कोनाच्या घरचं धुनंभांडं कराले जाऊ नको. मी वावर कसून खातो. माही पोर कोनाच्या मोरीत बसनार नाही."

आज माझा बहुतेक दिवस लोकांच्या मोरीतच जातो. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करते.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही शहरात गेलो म्हणजे सुटलो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला तुमची पहिली खोली आठवत असेल, मग ती माझ्यासारखी चाकणला असो, भोसरीला नाही तर नाशिकला. पत्र्याचं छप्पर, सामाईक नळ, आणि संध्याकाळी दारात बसावं तर समोर दुसऱ्याचं दार. मी गावाकडे दिवसभर बोलणारी बाई. तिथे पहिले काही महिने भाजीवाल्याशी सोडून कोणाशी बोलले नाही, आणि त्याच्याशीही भांडलेच. मी "मले" म्हटलं की तो हसायचा.

आमच्या खोलीसमोर रिपेअरिंगचं दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळे काका म्हणायचे. त्यांना फोन घ्यायला माणूस हवं होतं, म्हणून मी जाऊन बसले. फोन घेता घेता मला बायकांच्या तक्रारी पाठ झाल्या, आणि तक्रारी पाठ झाल्यावर मशीनच्या पोटात काय बिघडलं असेल याचे अंदाज मी फोनवरच सांगायला लागले. अंदाज बरोबर निघायला लागले तसा काकांनी एके दिवशी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "बोलून दुरुस्त होत असतं तर मीही बोललो असतो," म्हणाले.

मी पहिल्यांदा जे नीट समजून घेतलं ते म्हणजे पाण्याच्या पातळीचा सेन्सर. मला त्याचं फार नवल वाटलं होतं. मशीनला डोळे नसतात, मग टबात पाणी किती झालं हे त्याला कळतं कसं? टबाच्या बुडाशी एक लहानशी पोकळी असते. तिथून करंगळीपेक्षा बारीक नळी वर जाते आणि तिच्या वरच्या टोकाला सेन्सर बसवलेला असतो. टबात पाणी चढलं की नळीतली हवा कोंडते आणि दाबली जाते. तो दाब सेन्सरला कळतो आणि सेन्सर मशीनला सांगतो, बस, आता पाणी बंद कर. नळी पाणी मोजण्यासाठी असते, पण तिच्यात पाणी नसतं, हवा असते. हे कळलं त्या दिवशी मी गजाननला जेवता जेवता तीन भांडी उलटी करून दाखवलं. त्याचं वरण सांडलं, पण त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आता माझी स्वतःची बॅग आहे, मीटर आहे, स्कूटी आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो कुठे, तर मी सांगते, सर्व्हिस. दार उघडणारी बाई माझ्या मागे कोणी पुरुष दिसतो का ते बघते आणि विचारते, टेक्निशियन येतोय ना? मी म्हणते, आलाय. घरात एकटी असलेली बाई मला बघून दार पूर्ण उघडते, आणि पुढच्या वेळी माझंच नाव सांगून मला बोलावते. या गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

बाबांना माझं काम माहीत होतं. ते त्याविषयी बोलत नसत. गावात कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर ते सांगायचे, "जावाई कारखान्यात हाय." मायने मला हे हसत हसत सांगितलं होतं. मी हसले नव्हते.

मग एका पावसाळ्यात माय नाल्यावर धुणं धुताना घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात वाकडा बसला. भाकरी थापता येते, पिळता मात्र येत नाही. ओलं लुगडं उचललं की डोळ्यात पाणी येतं. बाबा कपडे पिळायला मदत करू लागले, पण गल्लीतलं कोणी दिसलं की कपडा बादलीत टाकून गुरांकडे जायचे. मी काकांच्या दुकानाच्या मागे पडलेल्या बंद मशीनमधून एक मशीन जुळवलं. एकाचा टब, दुसऱ्याची मोटर, तिसऱ्याचं झाकण. महिनाभर ते दुकानात चालवून बघितलं आणि गावाकडे परत जाणाऱ्या टेम्पोत घालून पाठवून दिलं. त्याचा एकेक स्क्रू माझ्या हातचा होता.

ओसरीवर, न्हाणीच्या भिंतीला लागून त्याची जागा झाली. बाबांनी छतावर काळी टाकी बसवली आणि तिच्यातून मशीनपर्यंत नळ आणला, कॉकसकट. पाईप जोडणं हे त्यांचं आवडतं काम. वावरातली ठिबकची सगळी जोडणी त्यांनी एकट्याने केलेली आहे. मायने मशीनसमोर पाट मांडला. मशीन चालू असेपर्यंत ती तिथून उठायची नाही. मी फोनवर म्हटलं, माय, त्याला राखण लागत नाही. ती म्हणाली, "मी कुठी राखून राह्यली? मी आराम करून राह्यली." दिवसा बसलेली माय मी कधी पाहिली नव्हती.

ती त्यात सगळं टाकायची. लुगडी, गोधड्या, पडदे, बाबांचे वावरातले कपडे चिखलासकट, आणि पोळ्याआधी तर बैलाची झूलसुद्धा टाकली. आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे. पायाला लागली तर पाय जड होतो, मग मशीनचं काय होणार. मी तिला सांगितलं होतं की मातीचे कपडे आधी खंगाळून घे. ती म्हणाली, "खंगाळाचंच होतं त मशीन कायले पाठवलं?"

वैशाखात तिचा फोन आला. मशीन पाणी घ्यायचं थांबत नव्हतं. माय शेजारी हळदीच्या कार्यक्रमाला गेली होती, बाबा बाजेवर पडले होते. मशीनने टाकीतलं सगळं पाणी ओढलं, टब भरला, ओसरी भरली आणि पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं. उन्हाळ्यात, जेव्हा नळ कधी येईल याचा गावात भरवसा नसतो आणि बाबा वावरातल्या बोअरवरून ड्रम भरून आणतात, तेव्हा आमच्या घरचं पाणी रस्त्यावरून वाहताना अख्ख्या गल्लीने पाहिलं. बाबांना ते फार लागलं. "बैलाईपेक्षा जास्त पानी पेते हे," ते मागून ओरडत असलेले मला फोनवर ऐकू येत होते. "रविवारी भंगारवाला येते मानोऱ्याचा. देऊन टाकतो." मायने फोन घेऊन न्हाणीत जाऊन दार लावलं असावं, कारण तिचा आवाज घुमत होता. ती म्हणाली, "मले मशीन पाह्यजे, अर्चना. माह्या हातानं आता नाही होत. तू ये."

मायने मला आजवर कधी ये म्हटलं नव्हतं. जमलं तर ये, सवड झाली तर ये, असंच म्हणायची.

पाणी थांबत नाही म्हणजे सेन्सर, हे मला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं. पण ते मॉडेल जुनं, त्याचा सेन्सर आता बाजारात येत नाही. मी मायला व्हिडिओ कॉल करायला लावला, मशीनच्या मागच्या स्टिकरवर फोन धरायला सांगितला, आणि बराच वेळ तिचा अंगठा बघितल्यावर नंबर दिसला. मग चाकण झालं, भोसरी झाली, पिंपरीतली जुन्या सामानाची दुकानं झाली. एकाने दुसराच सेन्सर दाखवून सांगितलं, ताई, बसतो, सगळे सारखेच असतात. मी म्हटलं, मग तुमच्या पायात माझी चप्पल बसवून दाखवा. शेवटी एका दुकानात मोडीत आलेल्या मशीनमध्ये तोच नंबर सापडला. मी तो तिथेच मीटर लावून, नळीत हलकी फुंकर मारून तपासला, टॉवेलात गुंडाळला आणि ट्रॅव्हल्सने निघाले. रात्रभर तो माझ्या मांडीवर होता.

कारंज्याला उतरून एसटीने घरी पोचले तेव्हा बाबा वावरात होते. मायने पाय धुवायला पाणी दिलं आणि चहा ठेवला. लेक माहेरी आली की तिने काडीला हात लावायचा नाही, हा आमच्या गल्लीचा नियम आहे. मी बॅग उघडून टूल्स बाहेर काढली तशी शेजारची काकू दारातून म्हणाली, "अवं, येऊन बसली नाही त पोरीले कामाले लावलं?" मायला ओशाळल्यासारखं झालं. मी काकूला सांगितलं, "काकू, हे काम नाही, हा माझा धंदा आहे." ती समजली नाही, पण बघायला थांबली.

आधी पिन काढली, मग पाण्याचा कॉक बंद केला. वरच्या पॅनलचे मागचे दोन स्क्रू काढून ते पुढे उचललं. कोपऱ्यात सेन्सर होता, डबीएवढा गोल, एका बाजूला वायरचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला नळी. मी क्लिप सरकवून नळी ओढली आणि तिच्यातून पाणी माझ्या हातावर सांडलं. त्या नळीत पाणी असायचं काहीच कारण नव्हतं. मी हात नाकाशी नेला. कपाशीवर मारतात त्या औषधाचा वास आला.

मी तशीच बसून राहिले आणि हसायला लागले. माय घाबरली.

बाबा आले तेव्हा मी नळी हातात धरून विचारलं, "बाबा, यात फवारा मारला तुम्ही?"

"मारला," बाबा म्हणाले. आडपडदा ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. "पानी कमीजास्त घेऊन राह्यलं होतं. उघडून पाह्यलं त ही नळी कोरडी. म्हटलं, चोकप झाली. ठिबकची नळी चोकप झाली की आमी फवाऱ्याच्या पंपानं पानी मारतो, मोकयी होते."

आमच्या भागातला कोणीही शेतकरी हेच करेल. बारीक काळी नळी, तिच्यात पाणी दिसत नाही, म्हणजे कचरा अडकला. सोयाबीन असो की संत्रा, ज्याच्या वावरात ठिबक आहे त्याचा हात आपोआप पंपाकडे जाईल. आणि अर्धं त्यांचं बरोबरच होतं. कचरा अडकलाच होता, पण खाली, टबाच्या बुडाशी, नळी सुरू होते तिथे. झुलीची आणि कपड्यांची काळी माती तिथे बसली होती, म्हणून मशीनचा अंदाज चुकत होता. बाबांनी वरून पंपाचा जोर नळीत लावला तसाच सेन्सरच्या तोंडातही लावला, आणि त्याच्या आतला पडदा फाटला. त्यानंतर मशीनला टब भरला की रिकामा, काहीच कळेना.

"मग कोरडी नळी कायले दिली त्यात?" बाबांनी विचारलं. "नळी म्हटल्यावर पानीच वाहीन ना."

मी सांगणार होते, पण न्हाणीच्या कडेला तांब्या होता. तो मी उलटा धरून बादलीत दाबला आणि त्यांना म्हटलं, तुम्ही धरा. त्यांनी धरला. तांब्या हाताला वर ढकलत होता. ते थोडा वेळ तसेच दाबून उभे राहिले.

"इहीरीत घागर उलटी पडली की बुडत नाही," ते म्हणाले. "हवा कोंडते तिच्यात." मग मशीनकडे बघून, "म्हंजे हे हवेवरून पानी मोजते?"

"हो."

"असं सांगाचं ना मंग पहिले." आणि ते खाली बसले.

मी जुना सेन्सर काढून नवा तसाच बसवू शकले असते. पण बुडाशी माती राहिली असती तर तोही फसला असता. मशीन बाबांनी आणि मी मिळून आडवं केलं. खालची पोकळी मोकळी केली, मुठीएवढी माती निघाली. नळी पाण्याने धुतली, झटकून आतून कोरडी केली, उन्हात धरून आरपार बघितली. मग नवा सेन्सर बसवला, सॉकेट दाबला, नळी घट्ट चढवली, क्लिप लावली. या सगळ्या वेळात बाबा माझ्या हातांकडे बघत होते. मी लहान असताना ते पाईप जोडायचे तेव्हा मी त्यांच्या हातांकडे अशीच बघायचे. पण हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही, आता लिहिताना आलं.

राहिली होती ती तपासणी. टाकीत दोन दिवस पुरेल इतकंच पाणी होतं. मशीन पुन्हा थांबलं नाही तर घरात प्यायच्या माठातलं तेवढं उरलं असतं, आणि रविवार परवावर आला होता. मी म्हटलं, बाबा, तुमचं पाणी आहे, तुम्ही सांगा. त्यांनी मायकडे पाहिलं. माय मशीनकडे बघत होती. वाकडं मनगट तिने दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं.

बाबा उठले, कॉकजवळ गेले, तो उघडला आणि त्यावरून हात न काढता तिथेच उभे राहिले. "लाव," म्हणाले.

मी बटण दाबलं. पाणी टबात पडायला लागलं. आम्ही तिघं आणि दारातली काकू टबाकडे बघत राहिलो. पाणी बुडापासून वर आलं, छिद्रांच्या पहिल्या ओळीला लागलं, दुसऱ्या ओळीला लागलं. मला माहीत होतं ते कुठे थांबायला हवं. अशी शेकडो मशीनं मी थांबवली आहेत, तरी मी ओळी मोजत होते. तिसऱ्या ओळीला पाणी लागलं तशी बाबांची मूठ कॉकवर आवळली. मी हात वर करून त्यांना थांबवलं. टक्, असा आवाज आला आणि पाणी थांबलं. मशीनने एक झोका घेतला आणि टब फिरायला लागला.

बाबांनी कॉकवरचा हात काढला. त्यांनी खिशातून फोन काढून भंगारवाल्याला लावला आणि म्हणाले, "रविवारी येऊ नको. मशीन चालू हाय. माह्या पोरीनं नीट केलं. तिचं तेच काम हाय, पुन्याले." पलीकडच्याने काहीतरी विचारलं असावं. "हो, सोताच्या हातानं," बाबा म्हणाले, आणि गरज नव्हती तरी पुढे बराच वेळ बोलत राहिले. माय पदराने तोंड पुसत होती. मग ती माझ्याजवळ आली. "तुह्ये प्रवासाचे कपडे दे," म्हणाली. "हात मोडल्यापासून तुह्ये कपडे धुतले नाहीत मी."

मी दिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आता बाबांचे कपडे मशीनमध्ये जाण्याआधी बादलीत खंगाळले जातात, आणि ते बाबाच खंगाळतात. तो नियम मायने केला, मी नाही. गल्लीतलं कोणी दिसलं तर ते आता उठून जात नाहीत. उलट बोलावून घेतात, आत कशी हवा कोंडते ते सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या हातात उलटा तांब्या देतात.

मला इथे लोक विचारतात, गाव कुठलं? वाशीम जिल्हा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोण असतं तिकडे? पूर्वी मी म्हणायचे, आईवडील असतात, आणि गप्प व्हायचे. गेली कित्येक वर्षं मी त्या घरी पाहुणी म्हणून जात होते. पाट, ताट, दुपारची झोप, आणि निघताना डाळीची पिशवी. सगळ्यांनी माझे लाड केले आणि त्या लाडांमध्ये मला रोज वाटायचं की या घराचं माझ्यावाचून काही अडत नाही. चाकणला माझं घर आहे, भाड्याचं नाही, स्वतःचं आहे, आणि ते मला आवडतं. पण माझ्यावाचून अडतं असं दुसरं एक घर मानोऱ्याच्या अलीकडे आहे, आणि हे मला आता पक्कं माहीत आहे.

परवा बाबांनी स्वतः फोन केला. एरवी मायच लावते आणि ते मागून बोलतात. पंखा आवाज करतो, मिक्सर धक्का मारतो, बोअरचा स्टार्टर मधेच पडतो, त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी म्हटलं, बाबा, स्टार्टरचं तर मानोऱ्याचा मिस्त्रीही करून देईल.

"आला होता तो," बाबा म्हणाले. "हात लावू देल्ला नाही मी त्याले. तू कधी येतं ते सांग."